ब्रेक ओरडतो तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता. "तू संगणकात काम करतेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." पण त्या विषयावर हल्ली घरोघरी बोललं जातं, म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. आज सकाळी आपण सगळे इथे आलो. कोणी म्हसळा-बोर्ली करत आलं, कोणी आगरदांड्याहून जंगलजेटीवर गाडी चढवून खाडी ओलांडून आलं. फाटकाशी वेग कमी करताना किती गाड्या 'चीं' करून ओरडल्या, ते तुम्हीही ऐकलं असेल. माझा विषय तोच. गाडीचा डिस्क ब्रेक का ओरडतो, त्यात घाबरण्यासारखं काय असतं, काय नसतं, आणि आपल्या अंगणात आपण स्वतः काय करू शकतो.

विषय किरकोळ वाटेल. पण दिघीहून कुठेही निघा, चढ-उतार आणि वळणं चुकत नाहीत. पुण्याला जायचं तर ताम्हिणी घाट आहे. जंगलजेटीवर चढायचं तर धक्क्याचा ओला उतार आहे. रस्त्यात बंदराचे ट्रेलर भेटतात. या सगळ्या ठिकाणी आपला आणि मागे बसलेल्या मुलांचा जीव चार चाकांवरच्या काही मिलिमीटर जाडीच्या पॅडवर असतो. आणि आपल्यातले बरेच जण ते पॅड कसे दिसतात हे न पाहताच वर्षानुवर्षं गाडी चालवतात.

आधी रचना थोडक्यात सांगते. चाकाबरोबर फिरणारी एक बिडाची चकती असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. पोलादी पट्टीवर घर्षणाचा मसाला चिकटवलेला, तो पॅड. त्यांना धरून ठेवणारा पंजा म्हणजे कॅलिपर. आपण पाय दाबला की नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो, पिस्टन पॅड ढकलतो, आणि दोन्ही पॅड चकतीला चिमटीत पकडतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतात. मी बोलतेय ते पुढच्या चाकांबद्दल.

आता आवाज कुठून येतो? याचं उत्तर आपल्याला शाळेतच मिळालं होतं, फक्त त्याला ब्रेक हे नाव नव्हतं. आठवतं का, फळ्यावर लिहिताना नवा लांब खडू कधी कधी असा किंचाळायचा की सगळा वर्ग कानांवर हात ठेवायचा? मग सर शांतपणे खडू मधोमध मोडायचे आणि अर्ध्या खडूने पुढे लिहायचे. आवाज बंद. खडू फळ्यावर सरळ सरकत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं. खडू लांब असला की त्याची थरथर आपल्याला ऐकू येते. मोडून आखूड केला की त्याची थरथरण्याची पद्धतच बदलते. पॅड आणि चकती यांच्यात हेच चालतं. पॅडच्या पुढच्या-मागच्या कडा कारखान्यात तिरक्या घासून दिलेल्या असतात, त्याचं एक कारण सरांनी खडू मोडण्याचंच असतं.

दुसरं उदाहरण शाळेच्या घंटेचं. टोल दिल्यावर घंटा बराच वेळ घुमत राहते, पण तिला हाताने धरलं की लगेच गप्प होते. ब्रेकची चकतीही एक प्रकारची घंटाच आहे. पॅडच्या थरथरीने ती वाजू लागते, आणि तिचा सूर सेकंदाला हजार कंपनांच्या वर असतो. नेमक्या त्याच पट्टीत आपला कान सर्वांत तिखट असतो, म्हणून एवढीशी थरथर एवढी मोठी वाटते. घंटेला हात लावायचं काम पॅडच्या पाठीवरची एक पातळ पत्र्या-रबराची चकती करते. तिला शिम म्हणतात. पॅड बदलताना पुष्कळदा हे शिम आणि पॅड धरून ठेवणाऱ्या बारीक क्लिपा गॅरेजमध्येच राहून जातात. नवे पॅड टाकूनही ब्रेक ओरडतो, याचं हे एक नेहमीचं कारण.

आणि हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीवर तांब्याचे तुकडे घासायचे, आणि तो ब्रेक भयंकर किंचाळायचा. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर वापरून तो गप्प केला. मग कळलं की अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते, आणि पुन्हा नवे मसाले शोधावे लागले. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली, त्यानंतर हा ब्रेक सगळ्या जगात पसरला. म्हणजे सव्वाशे वर्षं मोठमोठे अभियंते या 'चीं'शी झगडताहेत. तेव्हा तुमची गाडी ओरडली तर लाजू नका.

आता कामाचं. सगळे आवाज सारखे नसतात. आपल्या कोळीवाड्यातल्या मित्रांना हे मी काय सांगणार? होडीच्या इंजिनाचा सूर जरा बदलला की तांडेलाला झोपेतही कळतं, कारण समुद्रात गॅरेज नसतं. तोच कान गाडीला लावायचा आहे.

पहिला आवाज सकाळचा. रात्रभर गाडी अंगणात उभी असते, खाऱ्या दमट वाऱ्यात उघड्या बिडाच्या चकतीवर काही तासांत तांबूस गंज धरतो. सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खरखर येते आणि थांबते. हा गंज पॅडनेच खरवडला जातो. इथे काही करायचं नाही.

दुसरा आवाज हलका ब्रेक लावताना, कमी वेगात, चौकाशी किंवा फाटकाशी येतो. जोरात दाबला तर बंद होतो. हा आपल्या खडूचा आवाज. पॅडवर काचेसारखी चकाकी आलेली असते, पाठ कोरडी असते, शिम-क्लिप गायब असते किंवा धूळ साचलेली असते. घरी करण्याजोगं काम हेच.

तिसरा आवाज ब्रेक न लावताही, चाक फिरतंय तोवर बारीक शिट्टीसारखा येत राहतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी जीभ बसवलेली असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती चकतीला टेकते आणि ओरडते. हा आवाज बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला आहे. पॅड संपले, बदला, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा आवाज 'खर्रर्र', लोखंडावर लोखंड. तिथे मसाला संपलेला आहे आणि पॅडची पट्टी चकती कापते आहे. गाडी तिथेच थांबवायची. 'श्रीवर्धनपर्यंत जाऊ, मग बघू' हे चालणार नाही.

मी गेली काही वर्षं हे दुसऱ्या आवाजाचं काम स्वतः करते. पुण्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये, आणि इथे आले की आईच्या अंगणात. सुट्टे भाग आणायला गेलं की दुकानात हमखास विचारतात, "साहेब नाही आले?" त्यांना मी बर्था बेंझची गोष्ट सांगते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. जगातला मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, साधारण १०० किलोमीटरचा. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं, असं सांगतात. तेव्हा ब्रेकच्या दुरुस्तीशी बायकांचं नातं जुनंच आहे.

आता पद्धत. एरवी चाक बदलायला लागतं तेवढं सामान, आणि वर थोडं.

जागा सपाट आणि कडक हवी. उतार नको. वाळूत किंवा भुसभुशीत मुरुमावर जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग गाडी उचलायची. आणि ही गोष्ट लक्षात ठेवाच. गाडी नुसत्या जॅकवर असताना हात आत घालायचा नाही. खाली मजबूत स्टँड लावायचा, आणि काढलेलं चाकही गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं.

एका वेळी एकच बाजू खोलायची. काही विसरलं तर दुसरी बाजू पाहता येते. मोबाइलवर आधी फोटो काढायचा. कॅलिपरचे दोन बोल्ट काढले की तो उचलता येतो. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. आणि घरातल्या कोणालाही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवू द्यायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

पॅड बाहेर काढून आधी मसाल्याची जाडी पाहायची. तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर घासत बसू नका, दोन्ही चाकांचे पॅड जोडीने बदला. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरून पाहा. एक जास्त झिजला असेल तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे दुखणं सर्रास होतं. चकतीवर नखाला अडकतील एवढ्या खोल रेघा आहेत का, तेही पाहा. चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

धूळ कधीही फुंकायची नाही, हवेच्या पंपानेही उडवायची नाही. मास्क लावायचा, ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसायचं. पॅड बसतात त्या खाचांमधला गंज तारेच्या ब्रशने काढायचा. पॅडची चकाकी घालवायला जाडसर काचकागद कडाप्प्यावर पसरायचा आणि त्यावर पॅड सपाट धरून हलक्या हाताने मराठी चार काढल्यासारखा फिरवायचा. तोंड मळकट, एकसारखं दिसलं की पुरे. क्लिपा आणि शिम जागेवर आहेत ना, वाकलेल्या नाहीत ना, हे पाहून नसतील तर नव्या आणायच्या. त्या फार महाग नसतात.

ग्रीसबद्दल नीट ऐका. ब्रेकसाठी खास, उष्णता सोसणारं ग्रीस मिळतं. ते पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपर टेकतात तिथे, आणि पॅडच्या दोन्ही कानांना, पातळ बोट फिरवल्यासारखं लावायचं. पिनांना रबराला न खाणारं सिलिकॉनचं ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि तापल्यावर ते वितळून वाहतं. पॅडच्या तोंडावर किंवा चकतीवर तर काहीच नको. रॉकेल नको, डिझेल नको, गंज सोडवायचा स्प्रे नको. कोकणात प्रत्येक दुखण्यावर खोबरेल तेल चालतं, पण इथे तेही नको! वाडीतल्या रहाटाला तेल दिलं की तो गप्प होतो, कारण त्याने फिरत राहावं हीच अपेक्षा असते. ब्रेकचं काम थांबवण्याचं आहे. तेलाने आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. तेल प्यायलेला पॅड धुऊन वापरायचा नसतो, टाकून द्यायचा असतो.

नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून शिकंज्याने सावकाश, सरळ ढकलायचा. त्या वेळी वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं, ते सांडू द्यायचं नाही, गाडीचा रंग उतरतो. ज्या गाड्यांना मागेही डिस्क आहे आणि बटणाचा हँडब्रेक आहे, त्यांचं मागचं काम घरी करू नका.

सगळं जोडताना बोल्ट किती घट्ट करायचे ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहायचं. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळायचे. आणि गाडी हलवण्याआधी बसून ब्रेकचं पेडल दाबत राहायचं. पहिल्यांदा पाय थेट खाली जाईल, कारण पिस्टन आणि पॅडमध्ये अंतर पडलेलं असतं. पेडल कडक झालं की टाकीतलं ऑइल पाहायचं, मगच गिअर टाकायचा. दुसरं काहीही विसरा, हे विसरू नका. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू आणायचं, मध्ये थोडं चालू द्यायचं, असं आठ-दहा वेळा. नवा मसाला चकतीवर नीट बसतो. थोडं अंतर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे.

आपल्या किनाऱ्यासाठी दोन-तीन सवयी. दिवेआगरच्या पुळणीवर गाडी घालायचा मोह टाळा. खारं पाणी आणि वाळू पिनांमध्ये शिरली की सहा महिन्यांचं काम एका संध्याकाळी होतं. गाडी धुतली की लगेच उभी करू नका, एक छोटी फेरी मारून दोन-चार वेळा हलका ब्रेक लावा, चकती सुकते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअर आणि दगड वापरा. ओढलेल्या ब्रेकचे लायनर गंजाने ड्रमला चिकटून बसतात.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. आपण ओरडणाऱ्या ब्रेकची तक्रार करतो, पण ब्रेकचं एक दुखणं असं आहे की ते मुळीच आवाज करत नाही. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, आणि आपल्याकडे हवेत दमटपणाला तोटा नाही. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते. एक टन वजनाची गाडी साठच्या वेगावरून थांबवली तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तेवढ्यात साधारण चारशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल, म्हणजे चार कप चहाचं. हे एका थांबण्याचं झालं. ताम्हिणीच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर किती होईल, हिशेब करा. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. 'चीं' नाही, 'खर्र' नाही, काही नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी, ऑइल बदलून घ्या. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. पेडल मऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढू लागली, टाकीतलं ऑइल कमी झालेलं दिसलं, तर अंगणातले प्रयोग थांबवून सरळ चांगल्या मेकॅनिककडे न्या.

माझ्या रोजच्या कामातही हेच पाहते. मोठ्या संगणक यंत्रणांना आपण इशारे लावून ठेवतो. रात्री-अपरात्री ते वाजतात. कंटाळून कोणीतरी इशाराच बंद करतं, आणि त्या रात्री सगळे छान झोपतात. दोष तसाच राहतो, फक्त आता तो मुका झालेला असतो. ब्रेकवर तेल मारून देणारा आणि इशारा बंद करणारा, दोघांनीही आवाजाचा बंदोबस्त केला, कारणाचा नाही.

आपल्या विज्ञानाच्या तासाला घर्षणाचा धडा होता. कार्यानुभवाच्या तासाला आपण हाताने वस्तू करायचो. परीक्षेत पहिल्याला खूप गुण होते, दुसऱ्याला कोणी विचारत नसे. गुरुजनांना माझी एक विनंती आहे. आपल्यातले जे आजही शिकवत असतील, किंवा शाळेच्या समितीवर असतील, त्यांनी एखाद्या शनिवारी आठवी-नववीच्या मुला-मुलींसमोर गाडीचं एक चाक काढून दाखवावं. गाडी माझी घ्या, पाने मी आणते, आणि होडीची इंजिनं खोलणारे आपले वर्गमित्र मदतीला आहेतच. कुठला आवाज ऐकून सोडून द्यायचा, कुठल्या आवाजाला थांबायचं, आणि सगळं शांत असतानाही काय तपासायचं, एवढं जरी त्यांना कळलं तरी घर्षणाचा धडा शिकवल्याचं सार्थक होईल.

दुपारी जेवणानंतर ज्यांना आपल्या गाडीचे पॅड पाहायचे असतील त्यांनी मैदानात सांगा. चाक न काढताही टॉर्च मारून आरीमधून बऱ्याच गाड्यांचे पॅड दिसतात.